अकरा अनोळखी माणसं, एक राहुटी आणि न थांबलेले टाळ

माझं ऑफिसातलं काम ट्रेनिंगचं. म्हणजे वर्षातून चार-पाच वेळा तीस-चाळीस लोकांना बसमध्ये घालायचं, लोणावळ्याच्या बाजूला एखाद्या रिसॉर्टवर न्यायचं, डोळ्याला पट्टी बांधून एकमेकांच्या अंगावर पडायला लावायचं, रस्सीखेच, रात्री डीजे, आणि याला टीम-बिल्डिंग म्हणायचं. सोमवारी हीच मंडळी एकमेकांना साहेबांना सीसी ठेवून मेल टाकतात. पंधरा वर्षं मी हे करतोय, त्यामुळे "अनोळखी लोक एक कसे होतात" यावर माझ्याकडे पीपीटी भरपूर आहेत, अनुभव मात्र एकच आहे आणि तो रिसॉर्टवरचा नाही. तो नीट लिहून काढायचा बरेच दिवस मनात होतं.

प्रकरण असं. कोविडनंतरची गोष्ट. त्या दोन वर्षांत माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, त्यानंतर पायी वारी परत सुरू झाली तेव्हा एका मित्रानं दोघांची भिशी एका दिंडीत भरून टाकली. (भिशी म्हणजे इथं दिंडीचे पैसे, जेवणखाण, राहुटी, सामानाचा ट्रक सगळं त्यात.) आयत्या वेळी मित्राची रजा रद्द झाली आणि मी एकटाच आळंदीला पोचलो. रथामागची दिंडी, नंबर सांगत नाही. मला जी राहुटी मिळाली त्यात अकरा जण. सांगलीकडचे रिटायर्ड एसटी कंडक्टर, लातूरचे एक सोयाबीनवाले काका, जालन्याचा कॉलेजचा पोरगा, नगरचा विमा एजंट, पिंपरीचा रिक्षावाला, नाशिकचे दोघे साडू, बीडकडचे एक टेलर, कऱ्हाडचे प्राथमिक शाळेतले रिटायर्ड गुरुजी, एक पिठाच्या गिरणीवाले आणि मी. साडू सोडले तर कुणी कुणाला ओळखत नव्हतं. आणि गंमत म्हणजे पुढचे नऊ-दहा दिवस आम्हाला एकमेकांची नावं कळलीच नाहीत, कारण तिथं सगळ्यांना एकच हाक, माउली. चहा द्या माउली, सरका माउली, माउली तुमचा पाय माझ्या तोंडात येतोय.

मला आधी वाटायचं वारीत शिरलं की आपोआप भारावून माणसं एक होतात. भारावून वगैरे होतं, पण ते दिवे घाटात, फोटोपुरतं. पुण्याहून सासवड हा टप्पा सगळ्यात लांब, तीस-बत्तीस किलोमीटर आणि मध्ये घाट. सासवडला पोचलो तेव्हा माझ्या दोन्ही टाचांना फोड, गिरणीवाल्यांना उलटी, आणि राहुटी अजून उभी करायची होती. उभी करायची म्हणजे मेखा ठोकायच्या, दोर ताणायचे, खाली ताडपत्री, आणि हे सगळं दमलेल्या अकरा माणसांनी, ज्यातल्या सातांना वाटतंय की बाकीचे चार काहीच करत नाहीत. मी त्या चारात होतो. साडूंनी स्वतःची वळकटी मधोमध टाकली, सगळ्यात चांगली जागा, आणि झोपले. बाकी सगळे त्यांच्याकडे बघत उभे. एकी वगैरे सोडाच, मला तर परत जायची एसटी दिसत होती.

पण मी गेलो नाही, त्याचं कारण म्हणजे टाळ.

दिंडीची चाल ठरलेली असते. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये मृदंग, वीणेकरी, मागे तुळस आणि हंडा डोक्यावर घेतलेल्या बायका. पहिल्याच दिवशी मला एका ओळीत उभं केलं आणि हातात कुणाचे तरी जादा टाळ दिले. मला वाजवता येत नाही म्हटलं तर कंडक्टर म्हणाले, "हाताकडं बघू नका. पुढच्याच्या टाचा बघा, हात आपोआप येतो." पुढे टेलर होते. बारा दिवस मी त्या माणसाच्या टाचा बघत चाललो. डाव्या टाचेला उभी भेग, त्यात मेण भरलेलं, चप्पल मागून झिजलेली. तोंड ओळखायच्या आधी मी त्याला टाचेवरून ओळखत होतो. आणि खरंच, जेजुरीपर्यंत हात बसला. ओळीतली जागा रोज तीच, डावीकडे कंडक्टर, उजवीकडे जालन्याचा पोरगा, पुढे टेलर. रिसॉर्टवर आम्ही मुद्दाम दर तासाला ग्रुप बदलतो, "सगळ्यांची सगळ्यांशी ओळख व्हावी" म्हणून. इथं उलटं. ओळख बिळख काही नाही, जागा तेवढी पक्की.

थोडा इतिहास सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पालखी सोहळा सुरू केला तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी, १६८५ साली, आणि तेव्हा ज्ञानोबा-तुकोबा दोघांच्या पादुका एकाच पालखीत असायच्या. पुढे देहूकरांच्या घराण्यात मानावरून, हक्कावरून वाद झाले, तेव्हा हैबतबाबा आरफळकरांनी १८३०च्या आसपास माउलींची पालखी वेगळी काढली. हैबतबाबा साताऱ्याकडच्या आरफळचे आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे सरदार. त्यामुळे त्यांनी जी शिस्त बसवली ती लष्करी थाटाची. पहाटे कर्णा तीनदा वाजतो आणि तिसऱ्याला पालखी हललीच पाहिजे. रथापुढे २७ दिंड्या, बाकी रथामागे, ज्याचा त्याचा नंबर ठरलेला. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आणि तंबू. सांगायचा मुद्दा एवढाच की ज्या सोहळ्याला आपण एकीचं प्रतीक बिरीक म्हणतो तो आजच्या रूपात आला तोच मुळी एका भांडणातून, आणि ज्यांनी तो बांधला त्यांना हे पक्कं माहीत होतं की माणसं भांडणार. भांडण होणारच नाही असं धरून त्यांनी काही केलं नाही, भांडण करायची जागा आणि वेळ ठरवून दिली. ती जागा म्हणजे संध्याकाळची समाज आरती.

त्याच्याकडे येतो. आधी आमचं भांडण.

वाल्ह्याचा मुक्काम. जनरेटरवर चालणारा एकच एक्स्टेन्शन बोर्ड, त्याला सहा पिना आणि फोन पन्नास. जालन्याच्या पोराचा फोन लावलेला होता, तो एजंटनं काढला आणि आपला लावला. पोरगा रात्री आईला फोन करायला गेला तर तीन टक्के. मग जे झालं ते झालं, तुमचं आमचं, बापाचं काय जातं, कॉलरपर्यंत हात गेला. लातूरचे काका मध्ये पडले तर त्यांनाही ऐकून घ्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी नीरेवर पादुकांना स्नान, सगळी वारी नदीकाठी लोटलेली, कुणी रडतंय, कुणी एकमेकांच्या पाया पडतंय, आणि आमच्या राहुटीतले हे दोघं एकमेकांकडे पाठ करून आंघोळ करतायत. एजंटही पाया पडत होता, पण पोरगा सोडून सगळ्यांच्या. वारकरी भेटला की पाया पडायचं ही रीत आहे, समोरचा लहान असो मोठा असो, त्यामुळे पोराला वगळून पुढे जाणं हे चारचौघांत उठून दिसलं. कंडक्टर माझ्या कानात म्हणाले, हे आतल्या आत शिजणार आता.

लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाचा लिंब लागतो, तिथं पहिलं उभं रिंगण. वारीत गोल आणि उभी अशी दोन्ही रिंगणं होतात, उभ्यात दिंड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभ्या राहतात आणि मधून अश्व धावतात. एकावर स्वार, आणि एक मोकळा, तो माउलींचा. अश्व गेले की त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला जी झुंबड उडते तिला तोड नाही, मीही घुसलो. पण त्या झुंबडीनंतर ओळी परत लागेपर्यंत मागची एक दिंडी आमच्या दिंडीत घुसून पुढे निघाली. आमचे वीणेकरी, सत्तरी ओलांडलेले, त्यांना धक्का लागला, वीणा खाली पडता पडता राहिली. वीणा जमिनीला टेकू देत नाहीत. कंडक्टरांचा चेहरा पडला. मला वाटलं जाऊ दे ना, पंढरीच्या वाटेवर कुठं नंबराचं भांडण घेऊन बसायचं, मोठेपणा दाखवावा. हे मी बोललोही. टेलर पहिल्यांदाच मागे वळून माझ्याशी बोलले, "मोठेपणा तुमी दाखवा, पन धक्का म्हाताऱ्याला लागलाय."

संध्याकाळी तरडगावच्या तळावर समाज आरती. पालखी तंबूत येते, भोवती सगळ्या दिंड्या गोल उभ्या, हजारो टाळ एकाच वेळी चालू. शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही, छातीत वाजतं नुसतं. मग चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणारे, हातातली काठी म्हणजे चोप वर करतात आणि "होऽऽ" अशी हाळी देतात. त्या क्षणी सगळे टाळ बंद. सगळे म्हणजे सगळे. आजही मला पटत नाही की माईक-बिईक नसता एवढा आवाज एका काठीनं गप्प होतो. पण नियम असा आहे की ज्या दिंडीची तक्रार आहे तिनं थांबायचं नाही. तिनं वाजवत राहायचं.

आम्हाला आधीच सांगितलं होतं, आज थांबायचं नाही.

काठी वर गेली. आवाज पडला. आणि त्या शांततेत फक्त आमचे टाळ. शंभर-सव्वाशे माणसं असू. एवढ्या हजारोंच्या माना आमच्याकडे वळल्या. माझा हात आपोआप थांबायला लागला होता, संकोच वाटत होता हो, शाळेत सगळे बसल्यावर आपण एकटेच उभे राहिल्यासारखं. डावीकडे बघितलं तर कंडक्टर समोर नजर लावून वाजवतायत. उजवीकडे पोरगा वाजवतोय, त्याच्या पलीकडे एजंट, तोही. एकाच ठेक्यात. मी टेलरच्या टाचेकडे बघितलं, ती ठेका धरत होती. मग मीही धरला. किती वेळ गेला असेल, दोन मिनिटं असतील फार तर, पण तेवढ्यात मला पहिल्यांदा असं झालं की मी "ही दिंडी" म्हणायचो त्याचं मनातल्या मनात "आमची दिंडी" झालं. भक्तीचं मला विचारू नका, ते ज्याचं त्याचं. पण हजारो लोक गप्प असताना आपण सव्वाशे जण मिळून गप्प बसत नाही, आणि का बसत नाही ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, यानं जे होतं ते पाच दिवस गळ्यात गळे घालून झालं नव्हतं.

चोपदार आले, विचारलं काय आहे. आमच्या दिंडीचालकांनी चार वाक्यांत सांगितलं. पलीकडच्या चालकांना बोलावलं. ते म्हणाले चुकलं, गर्दीत झालं, उद्यापासून अंतर ठेवू. आले, वीणेकरीबुवांच्या पाया पडले, बुवा त्यांच्या पाया पडले. टाळ थांबले. मग हरवलं-सापडलं, उद्या निघायची वेळ, आरती. संपलं. त्या रात्री त्याच दिंडीतला एक जण आमच्याकडे काडेपेटी मागायला आला आणि चहा पिऊन गेला. रात्र उलटायच्या आत प्रकरण बंद.

आता यावर माझ्या धंद्यातलं थोडं. आमच्याकडे १९५४चा एक प्रयोग सांगतात, अमेरिकेत ओक्लाहोमात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं बावीस मुलांचे दोन गट करून त्यांना कॅम्पवर ठेवलं होतं. आधी स्पर्धा लावल्या तर मुलं हातघाईवर आली, झेंडे जाळले. मग एकत्र जेवायला बसवलं तर अन्न फेकून मारलं. शेवटी पाण्याचा पुरवठा बंद पाडला, ट्रक बंद पाडला, म्हणजे दोघांनी मिळून केल्याशिवाय होणारच नाही अशी कामं आणली, तेव्हा हळूहळू वैर कमी झालं. यावरूनच आमची अख्खी इंडस्ट्री "कॉमन गोल" करत फिरते. मला वाटतं ते अर्धंच आहे. राहुटी उभारायचं काम आमचं कॉमनच होतं, रोज होतं, आणि रोज त्यावरूनच कुरबूर होती. काम माणसांना जवळ आणतं हे खरं, पण जवळ आल्यावर जे घासतं त्याचं काय? ते घासलेलं उघडपणे बोलायची सोय नसेल तर कॉमन गोल म्हणजे एकाच दोरीला बांधलेली दोन भांडखोर गाढवं.

राहुटीत त्याच रात्री जेवताना जालन्याच्या पोरानं टवाळी केली. सगळ्यांचं ताट रिकामं झालं, कंडक्टरांनी चमचा चोपासारखा वर करून "होऽऽ" केलं, सगळे हसले, आणि पोरगा एकटाच ताटावर चमचा वाजवत राहिला. टण टण टण. हसणं थांबलं तरी वाजवतच राहिला. मग कंडक्टर गंभीरपणे म्हणाले, बोला माउली, काय तक्रार. पोरगा म्हणाला, माझा फोन काढला. एजंट म्हणाला, मला घरून क्लेमचा फोन येणार होता, माणूस दवाखान्यात होता, पण मी सांगायला पाहिजे होतं. झालं. एजंट उठला आणि पोराच्या पाया पडला, पोरगा इतका गडबडला की उलटा त्याच्या पाया पडताना पिठल्याचं पातेलं लवंडलं. बोर्डाचं ठरलं, सकाळी चार जण, रात्री चार जण, उरलेले तीन दुपारच्या विसाव्याला.

तिथून पुढे रोज जेवणानंतर ताट वाजायला लागलं. एकदा माझ्या घोरण्याची तक्रार आली (मान्य). साडूंच्या मधल्या जागेचीही आली, जागा रोज फिरती ठेवायची ठरली. साडूंना ते आवडलं नाही आणि ते शेवटपर्यंत जरा बाजूबाजूलाच राहिले, खोटं कशाला सांगू. पिंपरीचा रिक्षावाला गुडघा सुजून फलटणहून परत गेला, जाताना रागातच होता, आणि वाखरीला संध्याकाळी बघतो तर हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन राहुटी शोधत फिरतोय, एसटीनं परत आला होता. शेवटचे पाच-सहा किलोमीटर तरी तुमच्यासोबत चालतो म्हणाला. गिरणीवाले गहिवरून बघत बसले आणि मग त्याच्या वाटणीच्या मेखा इतके दिवस आपण ठोकल्या ही तक्रार त्याच रात्री ताट वाजवून नोंदवली.

हे सगळं लिहिलं की छान वाटतं वाचायला. पण एक गोष्ट राहिली, आणि ती नाही लिहिली तर हे प्रकरण अर्धवट.

बरडला असू बहुतेक. गुरुजींनी टेलरना विचारलं, "माउली, आडनाव काय?" टेलर म्हणाले, "माउलीच म्हणा की." गुरुजी हसून म्हणाले तसं नव्हे, गाव-बिव, सहज. टेलरनी आडनाव सांगितलं. कुणी काही बोललं नाही. पंगत एकच होती, जेवण एकच होतं, त्यात फरक पडला नाही. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे पूर्वी ज्या दिंडीसोबत चालल्या होत्या तिथं दिवसभर एकत्र अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगवेगळे बसायचे, तसं आता नाही. आणि पंढरीच्या देवळाचं दारसुद्धा दलितांना उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींनी १ मेपासून दहा दिवस उपोषण केलं तेव्हा, म्हणजे माझ्या आजोबांच्या डोळ्यांदेखतची गोष्ट. त्या मानानं आम्ही बरेच पुढे. फक्त त्या रात्रीपासून जागा फिरत्या असूनही टेलरची वळकटी दाराजवळच दिसायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. कदाचित तेच सरकले असतील. पहाटेचा गारठा पहिला तिथं लागतो. याच माणसानं दाभण-सुतळी काढून आमची फाटलेली राहुटी दोनदा शिवली होती, गुरुजींच्या पिशवीचा बंद शिवला होता. रोज रात्री ताट वाजत होतं, घोरण्यासाठी, चार्जरसाठी, मेखांसाठी. यासाठी कुणी वाजवलं नाही. मी त्याच्या टाचा बघत चालत होतो, मीही नाही वाजवलं.

पंढरपुरात आम्ही कळसाचं दर्शन घेतलं आणि पांगलो, आतल्या रांगेत उभं राहायला कुणाकडे दिवस नव्हते. व्हॉट्सॲप ग्रुप झाला, त्याचं जे सगळ्या ग्रुपचं होतं ते झालं, गुड मॉर्निंग, फुलं, एजंटच्या पॉलिसीच्या जाहिराती. पुढच्या वर्षी ज्येष्ठ लागायच्या आधी कंडक्टरांचा फोन आला, राहुटीची यादी करायचीय, कोण कोण येतंय बघा, आणि ते दाराजवळचे माउली येतात का तेवढं तुम्ही विचारा. म्हणजे त्यांनाही दिसलं होतं.

मी टेलरना फोन लावला. शिलाई मशीनचा आवाज येत होता मागे. म्हटलं, माउली, येणार ना यंदा?

"येतो की," ते म्हणाले. मशीन थांबलं. "पन माझी एक तक्रार लिवून घ्या आधी. औंदा जागा आतली पायजे."

म्हटलं, घेतली लिहून.

"आन ताडपत्री नवी घ्या. जुनी मी आता शिवनार न्हाई."